खाज‘गी’ गोष्ट

मे महिन्यातली टळटळीत दुपार. पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला. एफसी रोडवरच्या एका कॅफेत मी एका स्टार्टअपवाल्याची मुलाखत घेत बसले होते. अंगात फुल स्लीव्हजचा शर्ट, कॉलरचं बटण लावलेलं, वर गळ्याभोवती स्टोल. बिचाऱ्याने दोनदा विचारलं, ‘‘उकडत नाहीये का तुम्हाला?’’ मी आपलं हसून म्हटलं, ‘‘टॅन होतं हो फार!’’

थाप! रात्री रेकॉर्डिंग ऐकायला बसले, तर त्याच्या फंडिंगच्या गोष्टीमागे सतत एक आवाज. खर्रर्र... खर्रर्र... आधी वाटलं, एसीचा असेल. मग ट्यूब पेटली. टेबलाखाली मी माझं मनगट खाजवत होते. जवळजवळ चाळीस मिनिटं. आणि मला पत्ताच नव्हता!

तर मंडळी, मला एक्झिमा आहे. शुद्ध मराठीत इसब. हे वाक्य असं छापायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, कारण आमच्या घरी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आई सगळ्यांना ‘स्किनची थोडी ॲलर्जी आहे’ एवढंच सांगते. गेल्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘अगं, त्या लोकांसमोर तेवढं लांब हाताचं घाल काहीतरी.’’ डायबेटिसवाला काका लग्नाच्या पंगतीत ऐटीत ‘मला गोड नको’ म्हणतो. पण त्वचेचं काही असलं, की समोरचा आधी स्वतःचा हात मागे घेतो. म्हणून आधीच सांगून टाकते. एक्झिमाची लागण होत नाही. माझ्याशी हात मिळवून, माझा टॉवेल वापरून, माझ्या डब्यातली भेंडी खाऊन तो कुणालाही होत नाही. भेंडी खाऊ शकता.

दूध उतू गेलं!

एक्झिमा हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ, उकळून वर येणं. आपलं दूध उतू जातं ना, तसं! ज्याने हे नाव ठेवलं त्याला स्वतःला तो असणार, असा माझा पक्का संशय आहे.

पण एक्झिमा म्हणजे एकच आजार नाही. ती एक मोठी छत्री आहे. कुणाला खोट्या दागिन्यांमधल्या निकेलने कानाच्या पाळ्या चिघळतात, कुणाला हेअर डायने. गावाकडे बिब्बा अंगावर ‘उततो’, तोही याच जातीचा. आणि पुणेकरांनो, अभिमान बाळगावा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण गाजरगवताच्या ॲलर्जीच्या इतिहासात आपल्या शहराचं नाव आहे. १९५० च्या दशकात हे तण भारतात नजरेत भरलं ते पुण्यात, आणि पुढे त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाच्या नोंदीही इथूनच झाल्या. अशा ‘संपर्का’च्या एक्झिमात गुन्हेगार शोधता येतो. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चिकटपट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात, कुठे लाल झालंय ते बघतात. हीच ती पॅच टेस्ट. गुन्हेगार सापडला की त्याच्यापासून लांब राहायचं.

माझा प्रकार निराळा. ॲटोपिक डर्मटायटिस. यात गुन्हेगार बाहेरचा नसतो, घराची भिंतच मुळात गळकी असते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांचं बांधकाम समजा. पेशी म्हणजे विटा, आणि मधलं सिमेंट म्हणजे सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ. हे बांधकाम नीट व्हायला फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन लागतं. २००६ साली स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या प्रोटीनच्या जीनमध्ये बिघाड असेल तर अशा एक्झिमाचा धोका बराच वाढतो. सगळ्याच पेशंटमध्ये हा बिघाड सापडतो असं नाही, पण भिंत गळकी असते हे खरं. आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येतात. मग शरीराची प्रतिकारशक्ती खवळते. त्वचा लाल, गरम. खाज. आपण खाजवतो, भिंतीला आणखी भोकं. पुन्हा खाज. इंग्रजीत याला इच-स्क्रॅच सायकल म्हणतात. ही सायकल उताराला लागलेली असते आणि ब्रेक गायब!

‘खाजवू नकोस’ हा जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे. २०२३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक्झिमाच्या त्वचेवर ठाण मांडून बसणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू एक एन्झाइम सोडतो आणि ते थेट नसांनाच डिवचून खाज उठवतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे ‘मनावर घेऊ नकोस, थांबेल’ म्हणणाऱ्या मावशीला आता माझ्याकडे उत्तर आहे.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हे सगळं आहेच. बाबांना दमा, दादाला सकाळी उठल्या उठल्या सलग शिंका, आणि मी ही अशी. एक्झिमा, दमा आणि ॲलर्जीची सर्दी ही एकाच खानदानातली भावंडं. कित्येक मुलांना आधी एक्झिमा होतो आणि काही वर्षांनी दमा. यावरूनच ‘मलम लावून इसब दाबलं की ते आत जातं, छातीत उतरतं’ ही समजूत आली असणार. आजी तर शपथेवर सांगायची. छातीत काही उतरत नाही. मूळ एकच, फांद्या वेगळ्या वेळी फुटतात.

तीन दिवसांत चकाचक!

लहानपणी माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे चट्टे असायचे. दहावीपर्यंत ते गेले. बहुतेकांचे असे जातात. मला वाटलं, सुटले! मग मास कॉम केलं, पुण्यात आले, नोकरी धरली, सोडली, फ्रीलान्सिंग सुरू केलं. आणि सव्विसाव्या वर्षी, पुण्यातल्या कोरड्या थंडीत, साहेब परतले. या वेळी मानेवर.

चुलतबहिणीचं लग्न पाच दिवसांवर. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरच्या पलीकडून, चार फुटांवरून त्याने माझी मान बघितली आणि निदान केलं, ‘‘गजकर्ण आहे ताई. ही लावा, तीन दिवसांत चकाचक!’’

आणि बॉस, खरंच तीन दिवसांत चकाचक! लग्नात मी डीप नेकचा ब्लाउज घातला. मला देव भेटला होता.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती. एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि तिसरं क्लोबेटासोल. तेव्हा मी ती वाचली नाहीत. (लेबल न वाचता कुणाच्याही बायलाइनला नावं ठेवणारी मी!) क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉईडमधलं सगळ्यात जहाल गटातलं. तळपायाच्या जाड कातडीवर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचं औषध. मी ते मानेवर लावत होते. मग गालावर. मग कोपरांच्या आत. थांबवलं की आठवड्यात चट्टे दुप्पट जोमाने परत. पुन्हा ट्यूब. असे आठ महिने. माझं बघून माझी रूममेट तीच ट्यूब चेहऱ्यावर ‘ग्लो’साठी लावायला लागली. तिला तर काही झालेलंच नव्हतं!

आठव्या महिन्यात आरशात पाहिलं तेव्हा गालांवर बारीक लाल केशवाहिन्यांची जाळी होती. कपाळावर पुरळ. कोपरांच्या आत स्ट्रेच मार्क्स, जांभळट. ते आता पांढरे झालेत, पण तिथेच आहेत आणि तिथेच राहणार आहेत. कातडी इतकी पातळ झाली होती की स्टोलची किनार घासली तरी आग व्हायची.

मला वाटलं होतं, हा माझा एकटीचा मूर्खपणा. नाही. आपल्या देशात हा इतका मोठा प्रश्न आहे, की त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेला, आयएडीव्हीएलला, स्टेरॉईड क्रीमच्या गैरवापराविरुद्ध खास टास्क फोर्स काढावा लागला. पूर्वी त्वचेवर लावायच्या औषधांना नियमात एक पळवाट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विक्री बंद. माझी ट्यूब मी त्यानंतर घेतली. प्रिस्क्रिप्शन सोडा, बिलसुद्धा कुणी दिलं नाही.

आणि समजा मला खरंच गजकर्ण असतं तर? तर आणखी वाईट! स्टेरॉईडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. २०२० साली शास्त्रज्ञांनी अशाच एका चिवट बुरशीला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नावातच आपला देश! टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे पेशंट सापडले. अशा थ्री-इन-वन ट्यूबांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण मानलं जातं. इसब आणि गजकर्ण दिसायला कधीकधी सख्खे भाऊ वाटतात, औषधं मात्र उलटी. चार फुटांवरून ते कळत नाही. डॉक्टरलासुद्धा कधी चट्टा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो.

मीठ जास्त पडलं म्हणून...

शेवटी स्किन स्पेशालिस्ट गाठल्या. वयाने आईएवढ्या. त्यांनी आधी ट्यूब मागितली, उलटसुलट करून पाहिली आणि नुसता एक सुस्कारा सोडला. मग प्रिस्क्रिप्शन लिहिलं. त्यात पहिलंच नाव... सौम्य स्टेरॉईड!

‘‘डॉक्टर, पुन्हा स्टेरॉईड?’’

‘‘अगं, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून उद्यापासून मीठच टाकायचं नाही का?’’

मला ते पटलं नाही. घरी येऊन मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. स्टेरॉईड म्हणजे विष, असं ठरवूनच टाकलं. माझी खरी चूक ही दुसरी आहे, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली. सहा आठवडे मी ‘नॅचरल’ झाले. कडुनिंबाचा पाला वाटून चोळला, लिंबू लावलं (किंचाळले), आईच्या सांगण्यावरून वांगं, दही, लोणचं बंद. एका ‘शंभर टक्के हर्बल’ डबीने चार दिवसांत जादू केली तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती! अशा निनावी डब्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, हे मला नंतर कळलं. सातव्या आठवड्यात मानेतून पिवळी लस यायला लागली. रात्री दोन वाजता १०२ ताप. रूममेटने रिक्षा शोधली. हातांवर, मानेवर जंतुसंसर्ग झाला होता. दोन दिवस सलाइन, दहा दिवस अँटिबायोटिक, आणि एका मोठ्या असाइनमेंटवर पाणी. आई डोंबिवलीहून पहिल्या गाडीने आली. तिने माझे हात पहिल्यांदाच नीट पाहिले. लांब हाताच्या कपड्यांचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

(जाता जाता, तापाबरोबर जर बारीक, एकसारखे, दुखणारे फोड उठले तर सकाळची वाट बघू नका. नागिणीच्या कुळातल्या हर्पिसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि एक्झिमात तो झपाट्याने पसरतो.)

पेर आणि पाव किलो

मग मी निमूटपणे त्यांच्यासमोर बसले. या वेळी वही घेऊन.

पहिला धडा मापाचा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूब पिळायची. झालं अर्धा ग्रॅम. एवढ्या मलमात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा झाकली जायला हवी. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९१ साली हे माप मांडलं. इतकं सोपं, आणि मला ते ना मेडिकलवाल्याने सांगितलं ना डबीवाल्याने. दुसरा धडा जागेचा. चेहरा आणि मान म्हणजे मलमल, तिथे सौम्य. तळहात-तळपाय म्हणजे गोणपाट, तिथे कडक चालतं. तिसरा धडा दिवसांचा. आग लागली की ठरलेले दिवस रोज, विझली की बंद. ज्यांना वारंवार येतं त्यांनी, डॉक्टरांनी सांगितलं तर, नेहमीच्या जागी आठवड्यातून दोनदा. माझे शनिवार-रविवार. लोक वीकेंडला लोणावळ्याला जातात, मी मलम लावते!

मानेसाठी मला टॅक्रोलिमस दिलं. हे स्टेरॉईड नाही, त्यामुळे कातडी पातळ करत नाही. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ साली ते मिळालं. पहिले काही दिवस मिरची चोळल्यासारखं झोंबतं. चौथ्या दिवशी मी सोडणारच होते. मग ते झोंबणं आपोआप कमी झालं.

पण खरा हीरो स्वस्तातला आहे. मॉइश्चरायझर. आणि बोटाने ठिपके देऊन नाही हं! अंगभर एक्झिमा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकतं. मी आपली पन्नास ग्रॅमची सुगंधी बाटली दोन महिने पुरवत होते. आता बिनवासाचा, घट्ट, डब्यातला. महिन्याचं बिल माझ्या ओटीटीच्या बिलांपेक्षा मोठं आहे, पण बघायलाही त्याच्याइतकं कंटाळवाणं काही नाही. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. नेहमीच्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणून साबण बंद, सौम्य क्लेन्झर सुरू. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच डबा उघडायचा. एक इशारा. ही मलमं मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात. गॅसपाशी, देवाच्या निरांजनापाशी, दिवाळीत फटाक्यांपाशी जपा. मला हे कुणी सांगितलं नसतं तर सुचलंही नसतं.

खोबरेल? आईचा प्रश्न. ‘‘चालेल,’’ डॉक्टर म्हणाल्या. फिलिपिन्समध्ये लहान मुलांवर झालेल्या एका चाचणीत, २०१४ साली, घाण्याच्या खोबरेलचा चांगला उपयोग दिसला होता. ऑलिव्ह ऑइल मात्र नको, त्याने भिंत आणखी कमकुवत होते. उटणं रगडणं बंद, दिवाळीतसुद्धा. वांगं? मोठ्या माणसाला एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल तर तपासा, नाहीतर उगाच ताट रिकामं करू नका. हे ऐकून आईचा चेहरा पडला. तिची तीस वर्षांची थिअरी होती! त्या संध्याकाळी तिने भरली वांगी केली आणि मी खाल्ल्यावर अर्धा तास माझ्याकडे टक लावून बघत बसली. काही झालं नाही.

मोठी औषधंही आहेत. डुपिलुमॅब या इंजेक्शनला २०१७ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, नंतर जॅक इनहिबिटर जातीच्या गोळ्या आल्या. ज्यांचा एक्झिमा कशालाच बधत नाही त्यांच्यासाठी त्या आहेत. त्यांना रक्ततपासण्या लागतात आणि खिसाही लागतो. मला त्यांची गरज पडली नाही.

आता ऑफिसचं. तुम्ही हे बहुधा तिथेच वाचताय. माझी सगळ्यात वाईट जागा म्हणजे एसीच्या झोताखालची खुर्ची. एका क्लायंटकडे मी ती सरळ मागून बदलून घेतली. कारण विचारलं तेव्हा ‘एक्झिमा’ म्हणाले. समोरची एचआर म्हणाली, ‘‘माझ्या नवऱ्याला पण आहे,’’ आणि तिने पुढची पंधरा मिनिटं मला सोडलं नाही! कॉलरचं लेबल कापून टाकते. सॅनिटायझरऐवजी जमेल तिथे सौम्य क्लेन्झर. खाज आली की गार पाण्याची बाटली मनगटावर टेकवते, मीटिंगमध्ये लोकांना वाटतं, स्टाइल आहे. नखं कायम कापलेली. नेल आर्टला रामराम. रात्री खाज जास्त का? अंथरुणात अंग गरम होतं, शरीरातलं नैसर्गिक कॉर्टिसॉल रात्री कमी असतं, आणि लक्ष दुसरीकडे न्यायला कुणी नसतं. डेडलाइनच्या आठवड्यात वाढते हेही खरंय. पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याला मी ‘खाजवू नकोस’च्या शेजारची जागा दिली आहे.

बरी झाले का? नाही. हा जाणारा पाहुणा नाही. गेल्या थंडीत दोनदा उसळला, दोन्ही वेळा आठवड्याभरात आटोक्यात आला. त्याआधी मी रात्री सलग पाच तास कधी झोपले होते, मला आठवत नव्हतं.

परवा डबा संपला म्हणून मेडिकलमध्ये गेले. दुसऱ्या. शेजारी एक मुलगा उभा. गळ्यात आयटी कंपनीचं आयकार्ड, मोबाइलवर रिकाम्या ट्यूबचा फोटो. तीच ती, थ्री-इन-वन. मी न राहवून म्हटलं, ‘‘अरे, यात काय आहे वाचलंस का?’’ त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कोपराकडे. अर्ध्या बाह्यांचा टॉप होता.

‘‘ताई, तीन दिवसांत जातं याने.’’

‘‘माझंही गेलं होतं.’’ मी हात पुढे केला आणि त्या पांढऱ्या रेषा दाखवल्या. काउंटरवरचा माणूस उगाच बिलबुकात बघायला लागला. मुलाने फोटो झूम केला, ओठ हलवत ती तीन नावं वाचली आणि विचारलं, ‘‘तुमच्या डॉक्टर शनिवारी बसतात का?’’